दोन कड्या

शनिवारी सकाळी अकरा वाजता सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या घड्याळजीने प्रबोधच्या स्टीलच्या पट्ट्यातून दोन कड्या काढल्या. सैल झालेलं घड्याळ मनगटावर चपखल बसलं आणि प्रबोधची छाती फुगली. रात्रीचा भात सोडून त्याला तीन महिने झाले होते. वजनकाटा तसूभर हलला नव्हता, पण काटे बिघडतात, मनगट खोटं बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. ते त्याने सैल पट्ट्याच्या फोटोसकट मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं. इतके लोक भारावले, की उद्या यिशुनच्या सभेत 'भात सोडा, हलके व्हा' या विषयावर त्याचं भाषणच ठेवलं होतं.

घरी येताच त्याने बायकोपुढे हात नाचवला. "बघ नीता, दोन कड्या कमी केल्या. आता तरी दिसतोय ना फरक?"

नीताने कपाळाला हात लावला. "अरे, काढल्यास कशाला? तुझ्या मनगटावर वळ उठायला लागले होते, म्हणून गेल्या महिन्यात मीच लिटिल इंडियात जाऊन दोन कड्या वाढवून आणल्या होत्या."

"मग तेव्हाच सांगायचं ना मला."

"जाड झालास म्हटलं की तू दोन दिवस बोलत नाहीस."

प्रबोध सोफ्यावर बसला आणि घड्याळ काढून मनगट चोळू लागला.


शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा त्याच्या घरी भाताचा कुकर लागला होता आणि उद्याचं भाषण रद्द झालेलं नव्हतं.