लाल बांधी

सोयरे आले की हल्ली घरात बसत नाहीत, आधी थेट शेताच्या धुऱ्यावर जातात. खत कमी पडलं की पान लाल करणारं हे नवं धान आल्यापासून कुणालाच काही लपवता येत नाही.

टेकराम बिसेनला बघायला मुलीकडचे आले, तेव्हा त्याची धानाची बांधी लालबुंद होती आणि तिला लागूनच असलेली आईची बांधी हिरवीगार. आई फुलवंताबाईनं कपाळाला हात लावला.

मुलगी देवकन्या चपला काढून चिखलात उतरली. "या लाल बांधीत युरिया टाकलाच नाही का?"

"टाकला ना! दोन पोती, एकदमच," टेकराम ऐटीत म्हणाला. "मग पाऊस आला आणि पाणी धुऱ्यावरून वाहिलं."

"म्हणजे नाल्याला जेवू घातलंत."

सोयरे खो-खो हसले.

"आणि ही हिरवी?"

"आईची," टेकराम पुटपुटला. "गेल्या साली तिनं कापणीआधी उभ्या धानात लाखोळीच्या डाळीचं बी फेकलं होतं. मी म्हटलं, बी वाया घालवतेस."

"लाखोळीच्या मुळांनी जमीन पोसली, बाई," फुलवंताबाई म्हणाली. "युरिया थोडाच लागला. पानाची कड लाल दिसली की तेवढ्यापुरता द्यायचा."

देवकन्यानं पाटात पाय धुतले आणि वडिलांकडे वळली. "बाबूजी, सासू पसंत आहे. मुलाला एक हंगाम त्यांच्या हाताखाली राहू दे. त्याची बांधी हिरवी झाली की साक्षगंध."

सगळ्यांनी टेकरामकडे पाहिलं. तो आईच्या कानाला लागला होता.

"आई, लाखोळीचं बी कुठं ठेवलंस?"