सासूबाईंची गाठ

किनाऱ्याला लागलेल्या मेल्या कासवाचं पोट उघडून मरणाचं कारण शोधायचं, हे माझं काम. आजचं कासव पार कुजलेलं होतं. पोटात नेहमीसारखीच प्लास्टिकची पिशवी निघाली, पण तिच्या तोंडाला उलटी दुहेरी गाठ होती.

कचऱ्याच्या पिशवीला अशी गाठ आमच्या सासूबाई मारतात. ती सोडवणं कुणाच्या बापाला जमत नाही. मी पिशवी बुडाशी कात्रीने कापली.

आत चहाचा चोथा होता. त्यातून वाफ निघत होती.

मी घरी फोन लावला. "आई, कचरा टाकलात?"

"आत्ताच तर चहा गाळला गं. पिशवी बांधून दाराशी ठेवलीये. थांब, टाकूनच येते."

पलीकडे पिशवी सळसळली.

"अगं बाई! ही खालून कापली कुणी?"