बकऱ्याचा होकार

जत्रेच्या सकाळी गडमुडशिंगीच्या माळावर तबकडी उतरली आणि आण्णांनी परग्रहावरच्या पाहुण्यांना हाताला धरून देवळापाशी आणलं. “पावणं, मटण खाल्ल्याबिगर जायचं न्हाय!” त्यांनी तांब्यातलं गार पाणी देवळापुढं बांधलेल्या बकऱ्यावर शिंपडलं. त्यानं अंग झाडलं. “बघा, बकरं व्हय म्हणालं. आता कापायचं.” “पण ते ओरडतंय,” थोरला पाहुणा म्हणाला. “वरडंना का! वरडणं कोण ऐकतंय? अंग झाडलं की झालं, रीतच हाय आमची.” दुपारी तांबडा रस्सा ओरपून पाहुणे तृप्त झाले. “आमचीही जत्रा उद्याच आहे,” थोरला म्हणाला. “मग आमाला न्या की!” आण्णा खदाखदा हसले. थोरल्यानं तोच तांब्या भरून आण्णांच्या डोक्यावर उपडा केला. आण्णांनी दचकून अंग झाडलं. दोघा पाहुण्यांनी त्यांना उचललं. “पावणं, सोडा! मी न्हाय येणार!” थोरल्यानं तबकडीत हाक दिली, “चूल पेटवा, व्हय म्हणालं!”