होयबाचं मत

“बाबा, हात दुखत नाही का हो, सारखा वर करून?” लेकीनं विचारलं.

डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

“जेवू दे की त्यांना,” आई म्हणाली.

“जेवू देत ना. सरकारचंच खातायत.”

डॉक्टर कानांचे. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात गोरगरिबांचे कान बरे केले, म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांना संसदेत नेमलं. निवडणूक नाही, पक्ष नाही. निःपक्ष जाणकार म्हणून. तेव्हापासून सरकारचं एकही विधेयक त्यांच्या हाताशिवाय मंजूर झालं नव्हतं. गल्लीत त्यांना आता कुणी डॉक्टर म्हणत नसे. होयबा म्हणत. असे नेमलेले एकूण नऊ जण, आणि नऊही एकाच माळेचे मणी. ‘नेमलेल्या जागाच रद्द करा’ म्हणून चौकाचौकात टेबलं टाकून सह्या गोळा होत होत्या.

लेक वकील. तिनंही सही ठोकली होती, आणि घरी येऊन बापाला तसं सांगितलंही होतं.

“उद्याही हात वर?” ती म्हणाली. “पैसे भरल्याशिवाय सरकारी दवाखान्यात पेशंट तपासायचा नाही, असं आहे त्या विधेयकात. वाचलंत तरी का?”

“वाचलं.”

“मग?”

“त्यांच्याकडे बहुमत आहे. माझ्या एका मतानं काय होणार?”

“काही होणार नाही. ज्यानं कुणाचं काही बिघडत नाही, तेवढंसुद्धा तुमच्यानं होत नाही?” ती ताटावरून उठली. “लोकांचे कान तपासलेत आयुष्यभर. एकदा स्वतःचा कणा तपासून घ्या.”

आईनं भांडी जरा आदळतच उचलली. नवऱ्याची बाजू मात्र घेतली नाही. डॉक्टरांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात विधेयक मताला आलं. सत्ताधाऱ्यांची मतं सांभाळणारा प्रतोद पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता. जुन्या गड्याकडे बघावं तसं त्यानं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर उभे राहिले.

“माझ्याकडे एक हमाल आला होता,” ते म्हणाले. “दोन्ही कानांतून पू वाहत होता. दारातच पैसे मागितले असते, तर तो तसाच परत गेला असता. आज त्याला ऐकू येतं. हे विधेयक वाचून मला लाज वाटली. चार वर्षांची लाज वाटली. मी विरोधात आहे.”

मग विधेयक मंजूर झालं, शंभरावर मतांनी.

संध्याकाळी टीव्हीवर डॉक्टरांची थरथरती हनुवटी पुन्हा पुन्हा दिसत होती. कोपऱ्यावरचा शिंपी मशीन थांबवून उभा राहिला आणि म्हणाला, “या, डॉक्टर.” सह्यांच्या टेबलाशी एकानं स्वतःचं नाव खोडलं. “नऊत एक जरी असा निघाला, तरी जागा राहू देत,” तो म्हणाला. मागच्या चौघांनी माना डोलावल्या. दवाखान्यातल्या पैशांचं कुणी नावही काढलं नाही.

घरी लेक दारातच उभी होती. तिनं बापाचे दोन्ही हात धरले.

“चुकले मी, बाबा.”

डॉक्टर लहान मुलासारखे रडले. आईनं पदरानं त्यांचा चष्मा पुसला आणि त्यांना हाताला धरून आत नेलं.

लेकीचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं.

“बघितलंत ना?” ती प्रतोदाला म्हणाली. “तुम्ही सांगून त्यांनी विरोध केला असता, तर शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. बाबांना नाटक जमत नाही. त्यांना खरंच लाज वाटायला हवी होती. सह्या आता थंडावतील. आणि पुढच्या महिन्यात जी जागा रिकामी होतेय, तिथं माझं नाव घालताना पुढे ‘निःपक्ष’ लिहायला विसरू नका.”