भिंतीचा दांडा

माया काय फक्त माणसालाच लागते होय? बाबा न्हाणीघरात दोनदा घसरून पडले, तेव्हा लेकीने सुताराला बोलावून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला लाकडी दांडा बसवून घेतला. त्याच्या आधाराने बाबा एकटेच, पण देवाच्या दयेने सुखात राहिले. एवढंच, की तो दांडा हाताला कायम कोमट लागायचा.

आज ती त्यांना आपल्याकडे न्यायला आली. बॅगा गाडीत गेल्या, पण बाबा दांड्यावर हात ठेवून जागचे हलेनात.

"बाबा, सोडा ना आता! लहान मुलासारखं काय करताय?"

"मी कुठं धरलाय? बघ की." त्यांनी पाचही बोटं सरळ केली. तळवा मात्र लाकडावरून तसूभरही उचलला गेला नाही. तिने जोर लावून ओढलं, तसे ते कळवळले. "अगं, मला ओढून काय होणार? त्याची समजूत काढ."

घर तिने परस्पर विकलं होतं. उद्या किल्ल्या द्यायच्या होत्या आणि बाबांना त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून तिने दांड्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "चारच दिवस नेते रे त्यांना. मग परत आणून सोडते."

बाबांचा हात अलगद सुटला.

तिचा मात्र सुटेना.

बाबांनी शेजारची खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले आणि मायेने म्हणाले, "खरं काय ते सांग, बाळ, म्हणजे सोडेल. मलाही ऐकायचंय."