पाडव्याचं ओवाळणं

मुकुंदरावांनी पाडव्याचा पाट मांडला, निरांजन लावलं आणि बायकोची चाकाची खुर्ची ढकलत समोर आणली.

गेल्या पाडव्याला ओवाळताना शैला म्हणाली होती, "अहो, आता रिटायर होताय. पुढची ओवाळणी म्हणजे काश्मीर!" वर्षही झोकात सुरू झालं. निरोपसमारंभाची शाल अंगावर पडली, पाठोपाठ लेकीला मुलगी झाली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी शैलाला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द तेवढा राहिला, 'नको'. चहा हवा असला तरी 'नको', खिडकी उघडायची असली तरी 'नको'. हो की नाही, ते मुकुंदराव तिच्या डोळ्यांत बघून ओळखायचे.

आज त्यांनी ताट तिच्या डाव्या हातात दिलं, खालून आपला हात लावला आणि स्वतःला ओवाळून घेतलं. मग, रीत नसतानाही, तेच ताट घेऊन तिला ओवाळलं.

"औक्षवंत हो गं, शैला. अजून खूप वर्षं जग."

"नको," शैला म्हणाली.

मुकुंदराव सवयीने तिच्या डोळ्यांत 'हो' शोधायला गेले, आणि ताट हातात धरून शोधतच राहिले.