उलटा चेहरा

समोर माणूस बसवल्याशिवाय बार्तोलोला चेहरा काढू देऊ नकोस, असं सासरे मरताना दियानोराला बजावून गेले होते. जन्मभर चित्रं काढलेला म्हातारा, जाता जाताही मुलाच्या हातात खोट काढणारच, म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. आता तिच्या दारावर कुऱ्हाडीचे घाव पडत होते.

रविवारी फ्लॉरेन्समध्ये राज्यकर्त्यांना मारायचा कट फसला होता. सापडले त्यांना नगरसभेच्या खिडक्यांतून लटकवलं. दोर कापल्यावर लोकांनी ती प्रेतं गल्ल्यागल्ल्यांतून फरफटवली. जे निसटले त्यांना कोतवालीच्या भिंतीवर रंगवायचं ठरलं, एका पायाला दोर आणि डोकं खाली. गद्दाराची हीच रीत होती. निसटलेल्यांत दियानोराचा धाकटा भाऊ नेरी होता. मेव्हणा तुझा, चेहरा तुझ्या ओळखीचा, तेव्हा तूच रंगव, असं बार्तोलोला फर्मावलं गेलं. नेरी त्या वेळी त्याच्याच माळ्यावर, रंगवायच्या फळ्यांमागे अंग चोरून बसला होता.

तिनं नवऱ्याचे पाय धरले. दुसऱ्या कुणाचाही चेहरा काढा म्हणाली.

"ज्याचा काढीन तो मरेल," बार्तोलो म्हणाला.

"मग कुणाचाच नसलेला काढा."

शेवटी तो, मनानंच काढतो म्हणाला.

आज सकाळी ती भिंतीपाशी जाऊन बघून आली होती. सुजलेलं तोंड, बाहेर आलेली जीभ, सुपासारखे कान, वरच्या बाजूला गेलेल्या हनुवटीत खळी. तिनं त्यात नेरीला शोधलं. तो कुठेच नव्हता. येताना तिची पावलं हलकी झाली होती.

दार फुटलं. डोंगराकडचे गडी होते. कट फसल्यापासून ते शिकारीला निघाल्यासारखे शहरात उतरले होते. चित्राखालची नावं त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून भिंतीसमोर उभं राहून त्यांनी चेहरे पाठ केले होते. म्होरक्याचे हात कोपरापर्यंत लाल होते. त्यांनी नेरीला केसांना धरून माळ्यावरून खाली ओढलं. म्होरक्यानं त्याची हनुवटी पकडली. मग स्वतः कमरेत वाकला, मान वाकडी करून डोकं पार खाली नेलं आणि त्याला उलटं न्याहाळलं.

"हा नव्हे," तो म्हणाला, आणि नेरीच्या पोटात लाथ घातली.

दियानोरानं चुन्याचं पोतं उचलून नेरीच्या खांद्यावर टाकलं. आमचा हमाल आहे, तुम्हाला भिऊन लपला मेला, असं म्हणत तिनं त्याला बाहेर ढकललं. नेरी लंगडत गल्लीत निघाला.

म्होरक्याची नजर पाळण्यावर गेली होती.

"रिकामा कसा?"

"गेलं ते मूल," ती म्हणाली.

तो हसला. "शहरातली मुलं मरत नाहीत, बाई. वर डोंगरात आमच्या बायकांच्या अंगावर पीत असतात."

तेवढ्यात बार्तोलो आला. काम निभावल्याचं समाधान चेहऱ्यावर, चुना हनुवटीच्या खळीत. म्होरक्या पुन्हा वाकला. या खेपेला तो लवकर सरळ झाला नाही.

दियानोराला देवळातले सगळे संत आठवले. मनानं काढलेल्या प्रत्येकाला बार्तोलोनं तीच खळी दिली होती, तेच कान.

"ते चित्र यांनीच काढलंय," ती म्हणाली.

"स्वतःला उलटं कोण टांगून घेईल?" म्होरक्या म्हणाला, आणि सगळे हसले.

ती दारात धावली. पांढरं पोतं अजून गल्लीच्या टोकाशी दिसत होतं. तिनं बोट दाखवलं. "नेरी तो आहे. माझा भाऊ. तो बघा."

नेरी थांबला. वळून त्यानं बहिणीकडे पाहिलं.

म्होरक्यानं मानसुद्धा वळवली नाही. "त्याला मघाशीच पाहिलाय."

त्यांनी बार्तोलोला त्याच्याच खिडकीतून एका पायानं टांगलं आणि कुऱ्हाडी चालवल्या. खाली जमलेले लोक मान वाकडी करून बघत होते. चित्र अगदी हुबेहूब काढलंय, असं कुणीतरी म्हणालं. मग म्होरक्यानं कुंचले धुवायच्या बादलीत हात बुडवून धुतले, गद्दाराचं बी अजून वर आहे म्हणत पाळण्याला एक झोका दिला आणि माणसं घेऊन डोंगराची वाट धरली.

त्याच डोंगरात, फिएझोलेच्या चढावर, द्राक्षमळ्याला लागून पिएरा नावाची एक दूधआई राहते. तुमच्यापैकी कुणी घोड्यावरून तिकडे निघालं असेल, तर त्या गड्यांच्या आधी पोचा आणि आत डोकावून बघा. तिच्या मांडीवर दियानोराचा मासो आहे ना? सुपासारखे कान आहेत त्याचे, आणि हनुवटीला खळी.